सरहद्दीपलीकडचे आरोपी : बावला खून खटला आणि इंदूरची गादी

‘बावल्याचा खून झाला ते साल’ असे शब्द मी लहानपणी आजोबांच्या तोंडून ऐकले होते. घरातल्या कुणाचा जन्म, कुणाचा निकाह, गावात आलेली साथ या सगळ्यांची साले ते अशाच खुणांवरून सांगत. हा बावला कोण, हे विचारायचे तेव्हा सुचले नाही. पुढे वसाहतकालीन कायद्यांविषयी वाचताना हे नाव पुन्हा समोर आले आणि आजोबांची खूण १९२५ सालची होती हे कळले.

या खटल्यावर आजवर बरेच लिहिले गेले. त्यात राजा, नर्तकी आणि धनाढ्य प्रियकर अशी प्रेमकथाच जास्त रंगवली गेली. मला त्यात दुसरी एक गोष्ट दिसते. खून ब्रिटिश मुंबईत झाला आणि पकडलेले बहुतेक आरोपी होळकरांच्या इंदूर संस्थानातले निघाले. मधे सरहद्द होती. ती कुणासाठी उघडली आणि कुणासाठी बंद राहिली, याचा हा इतिहास आहे.

१२ जानेवारी १९२५ची संध्याकाळ

अब्दुल कादिर बावला हा पंचविशीतला श्रीमंत मुस्लिम कापड व्यापारी. मुंबई महापालिकेचा तो सदस्य होता, तोही सर्वांत तरुणांपैकी एक. मुमताज बेगम बाविशीची. इंदूरच्या दरबारात नर्तकी म्हणून ती गेली आणि महाराजा तुकोजीराव होळकर (तिसरे) यांच्या जनान्यात अडकली. तिथून निसटून ती अमृतसरला, आपल्या माणसांत गेली. पुढे मुंबईत आली आणि काही महिन्यांपासून बावलाच्या आश्रयाला होती. तिला परत पाठव, नाहीतर परिणाम वाईट होतील, अशा धमक्या बावलाला मिळत होत्या. त्याने त्या मनावर घेतल्या नाहीत.

त्या संध्याकाळी दोघे मोटारीतून मलबार हिलवर फिरायला निघाले. सोबत आणखी काही माणसे होती. मागून आलेल्या एका मोटारीने त्यांच्या गाडीला धडक देऊन ती थांबवली. उतरलेल्या माणसांनी शिवीगाळ सुरू केली, ‘बाईला बाहेर काढा’ असे ओरडत ते अंगावर आले. बावलावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही तासांत त्याचा मृत्यू झाला. मुमताजच्या चेहऱ्यावर चाकूचे वार झाले.

बेत खुनाचा नव्हता, तिला उचलून नेण्याचा होता. तो फसला तो योगायोगाने. गोल्फ खेळून परतणारे काही ब्रिटिश लष्करी अधिकारी रस्ता चुकून नेमके तिथे पोहोचले. गोळ्यांचे आवाज ऐकून ते धावले. एका अधिकाऱ्याला गोळी लागली, तरी त्यांनी मुमताजला हातची जाऊ दिली नाही आणि एका हल्लेखोराला धरून ठेवले. त्याचे नाव शफी अहमद.

ते अधिकारी त्या वाटेने आले नसते, तर मुमताज रातोरात इंदूरच्या वाटेला लागली असती. सरहद्द ओलांडली की तिचा शोध घेणे मुंबई पोलिसांच्या हातात राहिले नसते.

सरहद्द म्हणजे काय होते?

आज मुंबई-इंदूर हा एका रात्रीचा प्रवास आहे. मधे कुणी अडवत नाही. तेव्हाही रेल्वे होती आणि अडवणारे कुणी नव्हते. पण कायद्याच्या दृष्टीने इंदूर हा परमुलूख होता. १८१८च्या मंदसोर तहाने होळकरांनी ब्रिटिशांचे वर्चस्व मान्य केले होते, तरी संस्थानाचे पोलीस, न्यायालये आणि तुरुंग त्यांचेच होते. मुंबईच्या मॅजिस्ट्रेटचे वॉरंट इंदूरच्या बाजारात चालत नव्हते. तेव्हाच्या हिंदुस्थानात साडेपाचशेहून अधिक संस्थाने होती, म्हणजे अशा सरहद्दीही शेकड्यांनी होत्या. गुन्हा करून पलीकडे पळणे ही नेहमीची गोष्ट होती.

म्हणून गुन्हेगारांच्या देवाणघेवाणीचे तह झाले. निजामाशी १८६७ साली झाला, पुढच्या दोन-तीन वर्षांत राजपुतान्यातल्या अनेक संस्थानांशी झाला. त्यांचा साचा जवळपास एकच होता. टोंकच्या नवाबाशी २८ जानेवारी १८६९ रोजी झालेल्या तहाची कलमे वाचली की तो साचा समजतो. टोंकचे नाव मुद्दाम घेतो, कारण या नवाबीचा संस्थापक अमीर खान हा यशवंतराव होळकरांचा साथीदार सेनानी होता. मराठे आणि पठाण एका छावणीत राहत होते, त्या काळातून ही दोन्ही संस्थाने आली.

त्या तहात खून, ठगी, विषप्रयोग, बलात्कार, दरोडा अशा ‘घोर’ गुन्ह्यांची यादी होती. ब्रिटिश मुलखात असा गुन्हा करून कुणीही टोंकमध्ये आश्रय घेतला, तर तो ब्रिटिश प्रजाजन असो वा परका, टोंकने त्याला पकडून ब्रिटिशांच्या हवाली करायचे. उलट बाजूचा नियम वेगळा होता. टोंकमध्ये गुन्हा करून कुणी ब्रिटिश मुलखात पळाला, तर तो टोंकचा प्रजाजन असला तरच त्याला परत पाठवले जाई. तो दुसऱ्या कुणाचा प्रजाजन असेल, तर ब्रिटिश सरकार ठरवेल त्या न्यायालयात त्याची चौकशी व्हायची. म्हणजे एखाद्या इंग्रजाने नवाबाच्या राज्यात खून केला, तर त्याचा न्याय करण्याचा हक्क नवाबाला नव्हता. भाषा बरोबरीच्या तहाची होती, पण तराजू एका बाजूला झुकलेला होता.

या तराजूत एक वजन मात्र दोन्हीकडे सारखे होते. रीतसर मागणी आली आणि पुरेसा पुरावा दाखवला, तरच आरोपी सोपवायचा. पुढे १९०३च्या कायद्याने ही पद्धत आखून दिली. संस्थानाचा आणि ब्रिटिश सरकारचा व्यवहार पोलिटिकल एजंटमार्फत चाले. इंदूरमध्ये तर गव्हर्नर जनरलचा मध्य हिंदुस्थानातला एजंटच राहत होता. त्याच्या रेसिडेन्सीचा परिसर ब्रिटिशांच्या ताब्यात होता. एकाच शहरात थोडे चालून गेले की राज्य बदलत असे.

कायदा प्रामाणिकपणे वाचला की

ही सरहद्द निव्वळ कागदी होती असे कुणाला वाटेल. पण एका मुकदम्यात ती ब्रिटिशांनाच नडली होती. मुहम्मद युसूफुद्दीन नावाच्या माणसाला निजामाच्या हद्दीतल्या शंकरपल्ली रेल्वे स्टेशनवर पकडण्यात आले. वॉरंट होते शिमल्याच्या मॅजिस्ट्रेटचे. रेल्वेच्या जमिनीवर निजामाने ब्रिटिशांना अधिकार दिला आहे, म्हणून अटक योग्य, असा सरकारचा दावा होता. प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. तिथे १८९७ साली निकाल लागला की निजामाने दिलेला अधिकार रेल्वेच्या कारभारापुरता आहे, शिमल्यातल्या आरोपासाठी तिथे अटक करता येत नाही. अटक बेकायदा ठरली. मुकदमा खुनाचा नव्हता, पण तत्त्व मोठे होते. सरहद्द ओलांडून माणूस उचलायचा असेल, तर दाराने या, खिडकीने नाही.

योगायोग असा की त्याच वर्षी, २२ जून १८९७ रोजी, पुण्यात रँड आणि आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. बाळकृष्ण चापेकर निजामाच्या मुलखात जाऊन लपले. निजामाच्या राज्याने त्यांना पाठीशी घातले नाही. ते पकडले गेले, पुण्यात आणले गेले आणि १२ मे १८९९ रोजी त्यांना फाशी झाली. साम्राज्याच्या अधिकाऱ्याचा खून असेल तेव्हा कोणतेही संस्थान मागणी टाळण्याच्या स्थितीत नव्हते.

याहून गाजलेले प्रकरण सावरकरांचे. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनाला मदत केल्याचा आरोप त्यांच्यावर होता. लंडनहून त्यांना हिंदुस्थानात आणताना ८ जुलै १९१० रोजी त्यांनी मार्सेलिसला बोटीतून समुद्रात उडी घेतली. फ्रेंच पोलिसाने त्यांना पकडून परत इंग्रजांच्या हाती दिले. फ्रान्सने त्याला आक्षेप घेतला आणि वाद हेगच्या लवादापुढे गेला. फेब्रुवारी १९११च्या निकालात हस्तांतरात अनियमितता झाली हे मान्य झाले, पण सावरकरांना परत करण्याचे बंधन ब्रिटनवर नाही असे ठरले. त्यांच्या राजकारणाविषयी माझे मतभेद आहेत आणि ते मी वेळोवेळी मांडले आहेत. पण कायद्याचा प्रश्न माणूस पाहून बदलत नाही. परक्या भूमीवर चुकीच्या रीतीने धरलेल्या माणसाला तशीच शिक्षा भोगायला लावणे तेव्हाही खटकायला हवे होते.

फ्रान्स हेगला जाऊ शकले, कारण ते सार्वभौम राष्ट्र होते. इंदूर किंवा हैदराबादला ते दार नव्हते. मणिपूरच्या उठावानंतर ऑगस्ट १८९१मध्ये हिंदुस्थान सरकारने जाहीरच करून टाकले होते की आंतरराष्ट्रीय कायद्याची तत्त्वे सरकार आणि संस्थानांच्या संबंधांना लागू नाहीत. हे जाहीर होण्यापूर्वी काहीच दिवस राजपुत्र टिकेंद्रजितला फाशी दिली गेली होती.

इंदूरची सात माणसे

आता पुन्हा बावला प्रकरणाकडे येतो. शफी अहमद हाती लागला आणि त्याच्याकडून मिळालेल्या धाग्यावरून मुंबई पोलिसांनी इंदूरमधून सात जणांना अटक केली. बहुतेक सगळे संस्थानाच्या चाकरीतले. त्यांच्यात सरदार आनंदराव गंगाराम फणसे हे इंदूरच्या फौजेतले बडे अधिकारीही होते.

अटकेची साखळी जसजशी वर सरकू लागली, तसतसा प्रश्न अवघड झाला. शिपायाला सोपवणे कुठल्याही दरबाराला जड जात नाही. सरदाराला सोपवताना दरबाराचीच अब्रू जाते. तरीही इंदूरला नकार देणे शक्य नव्हते. खून मुंबईच्या हमरस्त्यावर झाला होता, जखमी होणाऱ्यांत गोरा अधिकारी होता, वर्तमानपत्रे रोज रकाने भरत होती आणि ब्रिटिश पार्लमेंटमध्ये प्रश्न विचारले जात होते. पोलीस कमिशनर पॅट्रिक केली यांच्यावर तपास आवरता घेण्यासाठी वरून दबाव येईल अशी बोलवा होती. तसे झाले तर राजीनामा देईन, असे त्यांनी सांगितल्याची हकीकत प्रसिद्ध आहे.

एप्रिल १९२५च्या अखेरीस मुंबई हायकोर्टात न्यायमूर्ती क्रंप आणि ज्युरीपुढे नऊ आरोपींवर खटला सुरू झाला. सरकारची बाजू ॲडव्होकेट जनरल जमशेदजी कांगा यांनी मांडली. फणसे यांच्या बचावासाठी उभे राहिले बॅरिस्टर मुहम्मद अली जिना. मे महिन्यात निकाल लागला. नऊपैकी सात दोषी ठरले, तिघांना फाशी सुनावली गेली. जिनांनी फणसे यांना फाशीपासून वाचवले, पण जन्मठेप टळली नाही. प्रिव्ही कौन्सिलकडे केलेल्या अर्जाचाही उपयोग झाला नाही.

या नावांकडे जरा थांबून पाहावे असे मला वाटते. मारला गेलेला मुसलमान. जिच्यासाठी मारला गेला ती मुसलमान. आरोपींत शफी अहमद, बहादूर शाह, अकबर शाह, तसेच फणसे, दिघे, पोंडे. ज्या दरबारात हे सगळे चाकरीला, तो दरबार मराठी. सरकारी वकील पारशी. मराठी सरदाराचा बचाव करणारा वकील पुढे पाकिस्तानचा संस्थापक झाला. आज अशी घटना घडली तर दुपारपर्यंत तिला एखाद्या धर्माचे लेबल चिकटलेले असेल. बावला खटल्याला ते चिकटवायला जागाच नाही. हे प्रकरण सत्तेचे होते. धन्याच्या मनातले ओळखून वागणाऱ्या चाकरांत दोन्ही धर्मांची माणसे होती, आणि शिक्षाही दोघांनी मिळून भोगली.

जो कधीच सोपवता आला नाही

सात माणसे सरहद्द ओलांडून मुंबईच्या कोर्टात आली. त्यांना पाठवले कुणी, हा प्रश्न सरहद्दीपलीकडेच राहिला.

बावलाशी या माणसांचे वैयक्तिक वैर नव्हते. मुमताजला नेऊन त्यांना स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते. सगळ्यांचे बोट एकाच दिशेला जात होते. पण राज्य करणाऱ्या संस्थानिकाला साध्या आरोपीसारखे मागता येत नव्हते. प्रत्यार्पणाचा कायदा राजाच्या माणसांना पकडण्यासाठी होता. त्याची विनंती राजाच्याच सरकारला करायची होती. राजाने स्वतःलाच बांधून पाठवावे, अशी सोय कुठल्याच तहात नव्हती.

यापूर्वी बडोद्यात एक प्रयोग झाला होता. रेसिडेंट कर्नल फेअर यांच्यावर विषप्रयोग केल्याचा आरोप मल्हारराव गायकवाडांवर आला. १८७५ साली त्यांची चौकशी करण्यासाठी तीन इंग्रज आणि तीन हिंदी सदस्यांचे कमिशन बसवले गेले. मते तीन विरुद्ध तीन अशी फुटली. तरी मल्हाररावांना गादीवरून काढण्यात आले. या फजितीनंतर संस्थानिकांची उघड चौकशी सरकारलाही नकोशी होती आणि संस्थानिकांनाही.

म्हणून तुकोजीरावांपुढे दोन पर्याय ठेवले गेले. एक तर चौकशी कमिशनला सामोरे जा, नाहीतर गादी सोडा. फेब्रुवारी १९२६च्या अखेरीस त्यांनी मुलाच्या, यशवंतरावांच्या हाती गादी सोपवली. अट एकच होती. मलबार हिल प्रकरणाशी त्यांच्या कथित संबंधाची पुढे चौकशी होऊ नये. ती मान्य झाली.

इथे न्यायाने वागायचे तर हेही सांगायला हवे की महाराजांवरचा आरोप कधीच सिद्ध झाला नाही. पण तो सिद्ध होऊ शकला असता किंवा खोटा ठरू शकला असता, ती संधीच या सौद्याने संपवली. महाराजांच्या समर्थकांना त्यांना निर्दोष म्हणता आले नाही, बावलाच्या माणसांना त्यांना दोषी म्हणता आले नाही. सरकारला मात्र हवे ते मिळाले. एक राजा गेला, कमिशनचा तमाशा झाला नाही आणि बाकीच्या संस्थानिकांना इशारा पोहोचला.

तो इशारा किती मोठा होता हे महिनाभरातच दिसले. २७ मार्च १९२६ रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी निजामाला पत्र लिहिले. निजाम वऱ्हाड परत मागत होता आणि बरोबरीच्या नात्याने बोलत होता. रीडिंगनी कळवले की हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे आणि कोणताही संस्थानिक तिच्याशी बरोबरीने वाटाघाटीचा दावा करू शकत नाही. हे रीडिंग आधी इंग्लंडचे सरन्यायाधीश होते. मराठा राजाची गादी गेली आणि मुस्लिम राजाचा दावा फेटाळला गेला, दोन्ही त्यांच्याच कारकिर्दीच्या शेवटच्या दोन महिन्यांत.

तुकोजीराव पुढे अमेरिकन नॅन्सी मिलरशी लग्न करून पुन्हा चर्चेत आले. त्यांचा मृत्यू १९७८ साली पॅरिसमध्ये झाला. खटल्यानंतर अर्ध्या शतकाहून अधिक काळ ते जगले. फासावर गेली ती त्यांच्या संस्थानाच्या चाकरीतली माणसे.

मुमताजची सरहद्द

शेवटी मुमताजकडे यायला हवे. तिच्याविषयी लिहिताना तेव्हाच्या वर्तमानपत्रांनी तिचे सौंदर्य, दागिने आणि चेहऱ्यावरचे वण यांवरच शाई खर्च केली. ‘तवायफ’ म्हटले की आपल्या समाजातही पुढचे काही ऐकून घ्यायची गरज उरत नाही. पण कोर्टात तिने काय सांगितले ते पाहा. इंदूरमध्ये आपल्यावर सतत पहारा होता. तिथे आपल्याला मुलगी झाली आणि तिला नर्सनी मारले, म्हणून आपल्याला तिथे राहायचे नव्हते. भर कोर्टात, वकिलांच्या आणि बघ्यांच्या गर्दीपुढे, ओरखडलेल्या चेहऱ्याने तिने हे सांगितले.

त्या बाळाच्या मृत्यूचा खटला कुठेच चालला नाही. तो कथित गुन्हा इंदूरच्या हद्दीतला होता. तिथले पोलीस महाराजांचे, न्यायालय महाराजांचे. मुंबईच्या कोर्टाच्या दृष्टीने ती फक्त साक्षीतली एक ओळ होती, मुमताज का पळाली हे समजण्यापुरती. ब्रिटिशांनी तहांच्या यादीत खून पहिल्या ओळींत लिहिला, पण तो त्यांच्या मुलखात झाला तरच त्यांना दिसत होता. संस्थानाच्या आत, जनान्याच्या भिंतीआड काय होते, तो ‘अंतर्गत कारभार’ होता.

मुमताजने कायद्याचे शिक्षण घेतले नव्हते. पण सरहद्द म्हणजे काय हे तिला या सगळ्या वकिलांपेक्षा नीट कळले होते. इंदूरच्या हद्दीत ती महाराजांची होती. अमृतसरला आणि मुंबईत ती, निदान कागदावर, स्वतःची होती. म्हणून ती पळाली. आणि तिला पलीकडे नेण्यासाठी रीतसर मागणी, पुरावा, एजंटची सही यांची वाट न पाहता माणसे पिस्तूल घेऊन आली, कारण तिच्यावर ठेवण्यासारखा गुन्हाच नव्हता. नको असलेल्या घरातून निघून जाणे हा कुठल्याही तहाच्या यादीतला गुन्हा नव्हता.

१९४८नंतर इंदूर आणि मुंबईमधली ती सरहद्द मिटली. आता दोन्हीकडे एकच दंडविधान आहे, एकच सर्वोच्च न्यायालय आहे. तरी घरातून निघून दुसऱ्या शहरात आलेल्या मुलीला मोटार अडवून परत नेण्याच्या बातम्या आजही वाचाव्या लागतात. पकडली जातात ती गाडी चालवणारी आणि हात धरणारी माणसे. पाठवणारा घरी असतो. अशी बातमी वाचली की मला आजोबांचे ते साल आठवते.